गालिचा कुठं अंथरावा?

गालिचा हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो की तो कुठून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मूळ शब्द तुर्कांचा, ‘काली’. त्याला फारसीनं आपला ‘चा’ जोडला. हा ‘चा’ वस्तूचा लहानपणा दाखवतो. बागेचा बगीचा झाला, देगेचा देगचा झाला, तसा कालीचा कालीचा झाला आणि आपल्याकडं येता येता त्याचा गालिचा झाला. म्हणजे गालिचा हा मुळातच लहान. सबंध खोली भरून टाकणारा तो नव्हेच. खोलीच्या थोड्या भागात अंथरायचा आणि भोवतीची जमीन उघडी ठेवायची, एवढंच त्याचं काम.

सतरंजीचं नाव शतरंजवरून आलं आहे. जाजमही त्याच वाटेनं आलं. आणि फरशी? ‘फर्श’ म्हणजे अंथरलेली वस्तू. इराणात आजही गालिच्याला फर्श म्हणतात. आपल्याकडं मात्र त्या शब्दाचा दगड झाला. तेव्हा फरशीवर गालिचा टाकणं म्हणजे शब्दांच्या हिशेबानं अंथरुणावर अंथरूण घालणं झालं. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत या अंथरुणावरून जेवढी चर्चा झाली तेवढी घर घेतानाही झाली नव्हती.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या जुन्या घराच्या सोप्यात गालिचा नव्हता. रोजच्या बसण्याला चटई होती, पाहुण्याला सतरंजी होती, थंडीत घोंगडी होती, आणि कार्याला जाजम यायचं. जाजम आमचं नव्हतं, जमातीचं होतं. मशिदीच्या मागच्या खोलीत देगा, परातींबरोबर जाजमांच्या घड्या ठेवलेल्या असत. निकाह असो, अकीका असो की मयत असो, कुणीतरी पोरगा डोक्यावर जाजम घेऊन यायचा. गल्लीतल्या हिंदू घरांचा साखरपुडा असला तरी तीच जाजमं जायची. वहीत नाव लिहायचं, काम झाल्यावर धुऊन परत द्यायची, एवढी एकच अट. जाजमाला पुढची रांग, मागची रांग असं काही नसतं. जो आला तो कडेला चप्पल काढून मोकळी जागा पाहून बसला. सरपंच आला म्हणून कुणी उठून जागा देत असेल, पण त्यालाही मांडी घालूनच बसावं लागे.

पुण्यात कोंढव्याला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सतरंजी बरोबर आणली. सोफा इथं घेतला. त्याच्यापुढं काचेची टीपॉय आली, समोर टीव्ही आला. सतरंजी घडी घालून कपाटावर गेली आणि ईदेला, दावतीला खाली उतरू लागली. सगळ्यांच्याच घरात असं होतं, त्याचं आम्हाला काही वाटलं नाही.

मग 2020 साल आलं. टाळेबंदीत मशिदी बंद झाल्या आणि एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. टीपॉय गॅलरीत गेली, सतरंजी उतरली आणि आमच्या हॉलची मशीद झाली. अब्बा पुढं उभे राहायचे, मागं आम्ही आणि मुलं. तरावीह महिनाभर त्याच सतरंजीवर झाली. ईदचा दिवसही त्याच चार भिंतींत गेला. शिरखुर्म्याचे वाडगे सतरंजीवरच मांडले होते. पुढच्या वर्षी, 2021च्या एप्रिलमध्ये, अब्बा गेले. त्या दिवसांत कुणाकडंच कुणी येत नव्हतं. दफनाला मोजकी माणसं होती. गावाकडचं जाजम तिथंच घडीत राहिलं. पुरश्याला फोन आले, खूप आले. पण माणूस येऊन शेजारी बसतो ते बसणं झालं नाही.

पुढं निर्बंध उठले तसे नातेवाईक, अब्बांचे दोस्त येऊ लागले. ते सोफ्याच्या कडेवर बसायचे, पाण्याचा ग्लास हातात धरायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि घड्याळ पाहून उठायचे. त्यांचा काही दोष नव्हता. सोफ्यावर माणूस पाहुण्यासारखा बसतो. अम्मींनी एकदा दार लावता लावता म्हटलं, ‘‘जमीनपे बैठते तो बात निकलती थी.’’ आणि त्या आत गेल्या.

आमच्या घरात गालिच्याचा विषय निघाला तो तिथून.

आता सतरंजी होतीच की, मग गालिचा कशाला? त्याचं कारण अम्मींचे गुडघे. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला सतरंजीखालची फरशी टोचते. पुण्याच्या थंडीत ती गारही असते. आणि रोज अंथरायची, रोज उचलायची म्हटलं की ती अंथरली जात नाही. आम्हाला अशी काहीतरी वस्तू हवी होती जी कायम अंथरलेली राहील आणि येणाऱ्याला न सांगता कळेल की इथं खाली बसायचं असतं.

दुकानात गेल्यावर कळलं की गालिचे चार तऱ्हेचे असतात आणि चारही वरून सारखेच दिसतात. फरक पाहायचा तर गालिचा उलटा करावा लागतो. हातानं गाठी मारून विणलेल्या गालिच्याची पाठ म्हणजे त्याच्या चेहऱ्याचीच छाया. प्रत्येक फूल मागूनही ओळखू येतं, आणि बारीक गाठी बोटाला लागतात. दुसरा प्रकार टफ्टेडचा. त्यात कापडावर यंत्रबंदुकीनं लोकर टोचतात आणि मागं रबराचा चीक लावून दुसरं कापड चिकटवतात. पाठीला कापड दिसलं की समजावं. काही वर्षांनी तो चीक सुकतो आणि त्याची पूड खाली पडू लागते. तिसरा यंत्रमागाचा. त्याच्या गाठी एकसारख्या, आणि झालर वेगळी शिवून लावलेली. हातमागाच्या गालिच्याची झालर शोभेसाठी नसते. ज्या उभ्या धाग्यांवर गालिचा विणला त्यांचीच ती टोकं असतात. चौथा प्रकार दरीचा, म्हणजे आपल्या सतरंजीचाच. तिला लव नसते, दोन्ही बाजूंनी वापरता येते.

लोकरीचं, सुताचं, तागाचं, प्लॅस्टिकच्या धाग्याचं असंही पाहावं लागतं. ताग स्वस्त आणि दिसायला छान. पण ओल लागली की त्याला बुरशी धरते आणि डाग पडतो तो निघत नाही. ज्यांची घरं मुंबईत किंवा कोकणात आहेत त्यांनी पावसाळ्याचे चार महिने आठवून मगच तागाकडं पाहावं. प्लॅस्टिकचा धागा धुवायला सोपा, पण त्यावर कपाळ टेकवलं की उकडतं. रेशमासारखी चमकणारी व्हिस्कोस ही पाण्याची वैरीण; चहा सांडला की तेवढी जागा कायमची चपटी होते. लोकर महाग, तिला कसर लागते, नवी असताना केसही गळतात. पण तुडवली तरी लोकर पुन्हा उभी राहते, आणि तिच्यात थोडं नैसर्गिक तेल असल्यानं सांडलेलं पाणी लगेच आत मुरत नाही. तेवढ्या वेळात फडका आणता येतो.

दुकानदारानं आम्हाला भदोहीचा गालिचा दाखवला. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात घरोघरी माग आहेत, आणि तिथल्या हातविणीच्या गालिच्याला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. विणणाऱ्यांत मुसलमान आहेत तसे हिंदूही आहेत. या विद्येला हिंदुस्थानात दरबारी आश्रय मिळाला तो अकबराच्या काळात. आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर इथं उत्तम गालिचे होतात, असं अबुल फजल आइने अकबरीत नोंदवतो. पुढं इंग्रजी अमलात ही कला तुरुंगातही गेली. आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला गालिचा विंडसरच्या राजवाड्यात गेला. आमच्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातही एकोणिसाव्या शतकात गालिचे विणले जात.

आम्ही दुकानातच कागदावर हिशेब मांडला. गालिचा 6 फूट बाय 9 फुटांचा. म्हणजे 54 चौरस फूट, म्हणजे 7,776 चौरस इंच. एका चौरस इंचात 100 गाठी धरल्या, ही काही फार बारीक विणकाम म्हणत नाहीत, तरी 7,77,600 गाठी झाल्या. एक कसलेला विणकर दिवसाला सहा हजारांच्या आसपास गाठी मारतो असं धरलं तर एकट्याला 130 दिवस लागतील. एवढे दिवस एका माणसाचं आयुष्य आमच्या हॉलमध्ये पसरलेलं राहणार. कागद पाहून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो.

आणि त्या गाठी कुणाच्या बोटांनी मारल्या हाही प्रश्न होताच. लहान मुलांची बोटं बारीक म्हणून गालिच्यांच्या मागांवर मुलं राबवली जात, ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. कैलाश सत्यार्थी यांनी तिच्याविरुद्ध लढा दिला. त्यातूनच 1994 मध्ये रगमार्क हे चिन्ह निघालं. बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्याला ते लावायचं, असा तो करार. 2009 मध्ये त्याचं नाव गुडवीव्ह झालं आणि 2014 मध्ये सत्यार्थींना शांततेचं नोबेल मिळालं. ज्या वस्तूवर आपण सजदा करणार ती वस्तू कशी झाली हे विचारणं आम्हाला आमच्या दीनाचाच भाग वाटला. हलाल-हराम हे फक्त ताटापुरतं नसतं. आम्ही दुकानदाराला असलं चिन्ह असलेला माल दाखवायला सांगितला. दोन दुकानांत हसून विषय बदलला गेला. तिसऱ्या दुकानदारानं पाच गालिचे उलटून पाठीवरचे बिल्ले दाखवले. त्या पाचांतूनच निवडायचं ठरलं.

निवडताना अम्मी बरोबर होत्या. पहिला गालिचा अतिशय देखणा, पण त्यावर मेहराब विणलेली. अम्मी म्हणाल्या, ‘‘ये मुसल्ला है. इसपे चाय नको.’’ दुसऱ्यावर शिकारीचा देखावा होता, हरणं आणि घोडेस्वार. त्यावर नमाज होणार नाही म्हणून तोही बाजूला गेला. तिसऱ्याच्या मध्यभागी मोठं चक्र. असा गालिचा मध्यभाग उघडा राहिला तरच शोभतो, आणि आमच्याकडं मध्यावर माणसं बसणार. चौथ्याची लव बोटभर जाड. त्यावर पाय ठेवला की घोटा बुडतो. मुलांना तो फार आवडला. अम्मींनी तिथली एक खुर्ची उचलून त्यावर ठेवायला लावली आणि तिच्यावर बसून पाहिलं. खुर्ची डुलली. गुडघ्यांमुळं अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढतात. डुलणारी खुर्ची त्यांना कशी चालावी? दुकानदारानं त्याचं कौतुक सुरू केलं तेव्हा अम्मींनी एवढंच विचारलं, ‘‘ये बैठनेका है के देखनेका?’’

पाचवा राहिला. गर्द तांबडा, आखूड लवेचा, चारी बाजूंनी सारखी वेलबुट्टी. त्याला वर नाही, खाली नाही. कुणी कुठंही बसलं तरी ते गालिच्याच्या मध्यावरच बसलेलं. चहाचा डाग लपवायलाही तांबडा बरा. तो आम्ही घेतला.

‘‘हे फार राजेशाही नाही ना होणार?’’ असं आमच्यातल्याच एकानं घरी येताना विचारलं. प्रश्न रास्त होता. गालिच्याच्या इतिहासात दौलतीचा दिमाख पुष्कळ आहे. हिजरी 16 म्हणजे इसवी सन 637च्या सुमारास मुसलमानांनी मदाइन जिंकलं तेव्हा इराणच्या बादशहाचा एक प्रचंड गालिचा त्यांच्या हाती लागला. त्यावर सोनं, चांदी, रत्नं जडवून वसंतातला बगीचा उभा केलेला होता. तो मदिनेला आला. तबरीच्या इतिहासात लिहिलं आहे की त्याचं काय करावं यावर मतं पडली आणि हजरत अलींच्या सल्ल्यानं हजरत उमरनी तो कापून वाटून टाकला. अलींच्या वाट्याचा तुकडा वीस हजार दिरहमना विकला गेला, आणि तोही काही फार चांगला तुकडा नव्हता म्हणे. कलेचे अभ्यासक यावर हळहळतात, आणि त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण एकट्या बादशहाच्या पायाखालचा बगीचा पुष्कळांच्या पदरात पडला, हेही खरंच आहे.

दुसरी हकिगत आपल्या मराठी मुलखाच्या जवळची. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी 1860च्या दशकात मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला. रेशमी कापडावर लाखो मोती, मध्ये हिरे. मदिनेला पैगंबरसाहेबांच्या रौज्यावर तो भेट म्हणून चढवण्याचा त्यांचा मानस होता असं सांगतात. 1870 मध्ये महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढं तो देशाबाहेर गेला आणि 2009 साली दोह्यात लिलावात सुमारे 55 लाख डॉलरना विकला गेला. एका मराठा राजाला मदिनेसाठी गालिचा करवावासा वाटला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्ही कधी वाचली नाही. मुलांना ती आम्ही गालिच्यावर बसूनच सांगितली. ‘‘मग तो पोहोचलाच नाही?’’ असं धाकट्यानं विचारलं. नाही पोहोचला, पण नीयत तर झाली होती. आणि अमलाची किंमत नीयतीवरून ठरते हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच आहे.

आता अंथरायचा कुठं? गालिचा निवडण्याहून ही गोष्ट अवघड. आमचा हॉल 11 फूट बाय 16 फूट. लांबी उत्तर-दक्षिण. उत्तरेला दार, दक्षिणेला गॅलरी. सोफा पश्चिमेच्या भिंतीला होता, टीव्ही पूर्वेला. म्हणजे आजवर आम्ही सोफ्याकडं तोंड करून नमाज पढत होतो. पुण्याहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं झुकलेला. तेव्हा आधी सोफा हलवून पूर्वेच्या भिंतीला नेला. टीव्ही दक्षिणेच्या कोपऱ्यात तिरका केला. पश्चिमेची भिंत मोकळी झाली आणि हॉल एकदम मोठा वाटू लागला.

मग जमिनीवर खडूनं रेषा मारल्या. गालिचा आणण्याआधी त्याच्या मापाची वर्तमानपत्रं अंथरून दोन दिवस त्यावरून वावरून पाहावं. कुठं अडखळतं, दार कुठं घासतं ते त्यात कळतं. गालिचा फार लहान असला तर मोठ्या ताटात चिमूटभर चटणी वाढल्यासारखं दिसतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत घातला तर खोलीला श्वास घ्यायला जागा राहत नाही. सोफ्याचे पुढचे दोन पाय गालिच्यावर यावेत, म्हणजे सोफा आणि गालिचा एका कुटुंबातले वाटतात आणि गालिचाही सरकत नाही.

आम्ही पूर्वेच्या भिंतीपासून अडीच फुटांवर गालिच्याची कड ठेवली. सोफ्याची खोली तीन फूट, म्हणजे त्याचे पुढचे पाय गालिच्यावर आले. गालिच्याची रुंदी सहा फूट. पलीकडं पश्चिमेच्या भिंतीपर्यंत अडीच फूट उघडी फरशी उरली, ती स्वयंपाकघराकडं जायची वाट झाली. लांबीकडं दोन्ही टोकांना साडेतीन-साडेतीन फूट. दारातून येणाऱ्याला चप्पल काढायला जागा मिळाली आणि दारही घासेना. एका माणसाच्या नमाजला दोन फूट रुंदी आणि चार फूट लांबी पुरते. नऊ फुटांत चारजण खांद्याला खांदा लावून ऐसपैस उभे राहतात. सोफ्यापासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत आठ फूट भरतात, म्हणजे चार फुटांत सफ आणि पुढच्या चार फुटांत इमाम. अब्बा त्या रमजानात बरोबर त्याच जागी उभे राहायचे. हे खडूच्या रेषा मारताना लक्षात आलं आणि कुणी ते बोलून दाखवलं नाही.

टीपॉय परत आली नाही. टीपॉय मध्ये असली की माणसं तिच्याभोवती बसतात, तिच्यावर नाही. मध्य मोकळा असला की तिथं दस्तरखान पडतो, मुलांचा अभ्यास पडतो, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या पडतात. खाली आम्ही रबराची जाळी घातली, कारण गुळगुळीत फरशीवर गालिच्याचं टोक सरकलं की म्हातारं माणूस पडतं. झालरीत पाय अडकतो म्हणून अम्मींनी तीही आत दुमडून टाचली. दुकानदारानं पाहिलं असतं तर तो हळहळला असता.

त्याची निगाही आता अंगवळणी पडली आहे. केर लवेच्या दिशेनं काढायचा. हात फिरवून पाहिला की दिशा कळते, एका बाजूनं रंग उजळ दिसतो आणि दुसऱ्या बाजूनं गडद. काही सांडलं तर घासायचं नाही, टिपायचं. वर्षातून दोनदा उलटा करून ऊन दाखवायचं आणि काठीनं झोडायचं. कसरीला अंधार आणि शांतता आवडते, तिला दोन्ही मिळू द्यायचं नाही. मात्र रोजचं ऊन रंग खातं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा गालिचा आहे, हिजरी 946 म्हणजे इसवी सन 1539-40 मध्ये विणलेला. त्याचे रंग टिकावेत म्हणून त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासानं दहा मिनिटंच लावतात. आमच्या गॅलरीतून हिवाळ्यात सूर्य थेट आत येतो आणि गालिच्याचं दक्षिणेचं टोक तापतं. म्हणून दर सहा महिन्यांनी टोकं बदलायची, असं ठरलं.

गालिचा आल्यावर पहिल्या आठवड्यात कामाला येणाऱ्या मावशी त्याला वळसा घालून जायच्या. भिंतीच्या कडेनं, अंग चोरून. चहाही त्या फरशीवर बसूनच घ्यायच्या. अम्मींनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी स्वतःचा चहा घेऊन त्या गालिच्यावर बसल्या आणि मावशींचा कप आपल्याशेजारी ठेवला. ‘‘इकडं या, मला मोठ्यानं बोलवत नाही,’’ म्हणाल्या. मावशी आल्या. पुढं त्या वळसा घालायच्या थांबल्या. घरात गालिचा असणं आणि घरात बसायला जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गालिचा कुठं अंथरला यापेक्षा त्याच्या कडेला कोण थांबतं, यावरून त्या घराची ओळख पटते.

अब्बांचे एक जुने दोस्त त्यानंतर आले. दोघं एकाच शाळेत शिक्षक होते. त्यांनी चपला काढल्या, सोफ्याकडं पाहिलं, गालिच्याकडं पाहिलं, आणि हळूच खाली बसून पाठ सोफ्याला टेकवली. त्या दिवशी ते असरनंतर आले होते आणि इशाची अजान झाल्यावर उठले. अब्बांनी नोकरीच्या पहिल्या पगारातून सायकल घेतली आणि ती महिनाभर याच दोस्ताला वापरायला दिली, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अम्मी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा चहा ठेवायला उठल्या. सोफ्यावरची अनेक माणसं येऊन गेली होती, पण सायकलीची गोष्ट कुणाकडून निघाली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. ताई वर आल्या. जरा संकोचून म्हणाल्या, तुमचा गालिचा एका दिवसापुरता मिळेल का? आम्ही एकमेकांकडं पाहायच्या आत अम्मींनी सांगून टाकलं, ‘‘मिळेल की. फक्त गुंडाळून न्या, घडी घालू नका.’’ मुलांनी दोन टोकं खांद्यावर घेतली आणि जिन्यानं गालिचा खाली गेला. एक दिवस आमचा हॉल उघडाबोडका वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंची मुलं तो परत घेऊन आली. बरोबर पेढ्याचा पुडा होता. लग्न जमलं होतं. मुलांनीच तो अंथरून दिला. खडूच्या खुणा केव्हाच पुसल्या होत्या, पण सोफ्याच्या पायांचे दाबलेले ठसे पाहून त्यांनी तो अंदाजानं लावला. ती गेल्यावर आमच्या लक्षात आलं की ठसे आता पलीकडच्या टोकाला आहेत आणि गालिचा उलटा फिरला आहे. उत्तरेचं टोक दक्षिणेला गेलं होतं. सहा महिने भरलेच होते, तेव्हा तो आम्ही तसाच राहू दिला.